ओहोटीत मोजलेली जागा

अक्का,

सात वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तू फोन केलास आणि पहिलाच प्रश्न टाकलास, "बसू, तुझी उंची किती रे?"

मी म्हणालो, "पाच फूट साडेसहा इंच. कशाला?"

"आसंच. चपला घालून का बिनचपलांचं?"

"बिनचपलांचं."

"बरं," म्हणालीस आणि फोन ठेवलास. सुनंदा म्हणाली, अक्कांनी तुमच्यासाठी सदरा शिवायला टाकला असणार. पुढच्या दिवाळीला तू नांदेडला आलीस. मुलांना कोकम, सुनंदाला काजूगर, मला काहीच नाही. मी विचारलं नाही. भावानं बहिणीकडं सदरा मागायचा नसतो. पण सात वर्षं तो आकडा माझ्या डोक्यात अडकून होता. काही कामासाठी घेतलेलं माप कुठंच लागलेलं नाही म्हटलं की मला चैन पडत नाही, हे तुला माहीत आहे.

आता त्या मापाचं काय झालं ते कळलं. ते सांगण्यासाठीच लिहितो आहे. तुला माहीत असलेली गोष्टच तुला सांगायची, हे जरा विचित्र आहे. पण मला ती कळली हे तुला माहीत नाही.

तू गेलीस त्याला आज बत्तीस दिवस झाले. उदगीरजवळच्या आपल्या शेतात, अव्वा आणि अप्पांच्या शेजारी तुला ठेवलं. आपल्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं बसवून. खड्ड्याचं माप मीच घेतलं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हेही मापच, असं मनाला सांगून घेतलं. ते आकडे मात्र इथं लिहीत नाही.

तेराव्या दिवशी एक फोन आला. तुझ्या जुव्यावरची जागा विकत घ्यायची आहे, म्हणाला. खाडीतल्या बेटाला तिकडं जुवं म्हणतात, हे मी तुझ्याकडूनच शिकलो होतो. त्याला तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. धक्क्याला लागून अशी दुसरी जागा नाही, म्हणाला. एकच अट होती. अंगणातून जी पायवाट जाते ती आधी बंद करून, जागा मोकळी करून द्यायची.

अक्का, खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. कारण ती वाट बंद कर म्हणून बारा वर्षांपूर्वी मीच तुझ्या मागं लागलो होतो.

तुला आठवतंच असेल. आधी तर तू ते घर घेतेयस हेच आम्हाला पटत नव्हतं. मराठवाड्यातली कितीतरी पोरं-पोरी कोकणातल्या शाळांवर मास्तर म्हणून लागतात आणि पहिल्या दिवसापासून बदलीकडं डोळे लावून बसतात. तुझाही अर्ज दर वर्षी मीच भरायचो. नवव्या वर्षी आदेश आला, लातूर जिल्हा, आणि तू नकार लिहून दिलास. अप्पा चार दिवस बोलले नाहीत. अव्वा शेजारणीला म्हणाली, "पाण्यात घर बांधायलीय म्हणं आमची पोरगी. मासळी खात न्हाई का काय न्हाई, तिथं राहून करती तरी काय!" तू मात्र नऊ पोरांची शाळा, वांग्याचं भरीत आणि मी पाठवलेलं ज्वारीचं पीठ यावर सुखानं राहत होतीस.

मग घर घ्यायचं ठरलं आणि तू मला बोलावलंस. "तू एवढा मोजणीखात्यातला, ये आणि बघून जा."

मी टेप, खुंट्या, पाटी-कागद घेऊन आलो. एकोणीस वर्षांची नोकरी झाली होती तेव्हा माझी. सकाळी साडेनऊला कामाला लागलो. कागदावर अडीच गुंठे होते. मागचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, धरला, दोन्ही बाजूंची माडाची झाडं धरली, आणि पुढं जमीन जिथं संपून पाणी लागतं तिथं खुंटी ठोकली. आपल्याकडची बाभळीची खुंटी, पिशवीतून नेलेली. दोनदा मोजलं. सव्वाचार गुंठे भरलं!

मी घरमालक म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. प्रामाणिकपणानं सांगितलं, "बाबा, तुमच्या कागदात पावणेदोन गुंठे कमी लागलेत. आधी दुरुस्ती करून घ्या, मगच विका. माझ्या बहिणीला फुकटची जमीन नको."

म्हातारा हो हो म्हणत राहिला. शेजारची सुलोचना वहिनी हंडा कमरेवर घेऊन उभी होती. ती तेवढी म्हणाली, "दुपारी परत मोजा, भाऊ. मगे बघूया."

मी म्हणालो, दुपारी ऊन चढतं, टेप तापला की फरक पडतो. सकाळचं मापच खरं.

आणि दुपारी जेवून ओसरीवर आलो तर माझी खुंटी नाही. पावणेदोन गुंठे नाहीत. चुलीपासून बावीस पावलांवर पाणी हलत होतं, आणि सगळं जुवं आपापल्या कामाच्या निमित्तानं तुझ्या अंगणात जमलं होतं. सुलोचना वहिनीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "खाडी मोजूक इलात काय, भाऊ?"

भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. भूगोलात शिकलो होतो. पण जमीन म्हणजे सकाळी आहे तेवढी दुपारी असणार, ही गोष्ट आपल्या हाडात बसलेली असते. काळ्या मातीचा माणूस दुसरं काही धरूच शकत नाही. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. "आमच्या बसूनं समुद्र मोजला" हे वाक्य त्यानंतर नांदेडला प्रत्येक पाहुण्यासमोर निघालं. माझ्या साहेबांसमोरसुद्धा.

त्यानंतर मी जुव्यावर गेलो नाही. कारण विचारशील तर हसणं नव्हे. हसणं मी सोसलं असतं. कारण गडगा.

घर तुझ्या नावावर झालं तेव्हा मी तुला नकाशा काढून पाठवला. चारी बाजूंनी चिऱ्याचा गडगा, एक फाटक. अंगणातून जी बायकांची ये-जा होती ती बंद. जुव्यावर गोड्या पाण्याची विहीर एकच, तुझ्या घराच्या मागं, आणि काठावरच्या सगळ्या घरांना तिथं जायची सोपी वाट तुझ्या अंगणातून. मी आयुष्यभर पाहत आलो आहे. आपल्याकडं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, सख्ख्या भावांची डोकी फुटतात. एक फूट वाट आज सोडली की वीस वर्षांनी तिची वहिवाट होते आणि मग कोर्टातली तिसरी पिढी ती निस्तरत बसते. हे मी तुला पाच पानी पत्रात कळवलं.

त्या उन्हाळ्यात तू नांदेडला आलीस तेव्हा जेवताना विषय निघाला.

तू म्हणालीस, "गडगा घातल्यावर सुलोचना वहिनीनं पाणी कुठून न्यायचं?"

"पलीकडून वळसा आहे की."

"किती वळसा?"

"दोनशे दहा फूट जादा. मी काढलंय."

"भरला हंडा डोक्यावर घेऊन दोनशे दहा फूट चाल एकदा, मग सांग मला."

"अक्का, जागा तुझी आहे."

"जागा माझी हाय. वाट माझी न्हाई."

"असं नसतं. वाट जागेतच आहे. मोजणीत ती धरलेली आहे."

"मोजणीत तू खाडी बी धरली होतीस," म्हणालीस.

सुनंदा हसली, पोरं हसली. मी ताटावरून उठलो. भाकरी अर्धी टाकून उठलो, याचं आजही वाईट वाटतं. तू दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी अर्धापूरची केळी आणायला मला बाजारात घेऊन गेलीस. जुव्यावरच्या माणसांना आपली केळी खाऊ घालायची होती तुला. मी पिशवी धरून मागं मागं चाललो. त्यानंतर दर दिवाळीला, दर उन्हाळ्याला तू येत राहिलीस. जाताना दर वेळी म्हणायचीस, "बसू, एकदा ये की रे. तुला एक गोष्ट दाखवायचीय." मी म्हणायचो, बघू. मोजणीचे अर्ज तुंबलेत. पोराची परीक्षा आहे. बारा वर्षांत चोवीस वेळा म्हणालो असेन. खरं कारण एकच. मी आलो असतो, तर गडगा नसलेलं अंगण बघावं लागलं असतं आणि मग मान्य करावं लागलं असतं.

दोन आठवड्यांपूर्वी त्या खरेदीदारानं कागद पाठवले. वारस म्हणून माझी सही हवी होती. मी पेन काढलं. सुनंदानं ते हातातून घेतलं आणि म्हणाली, "सही करा न्हाई तर नका करू. पर आधी एकदा तिथं पाय टेकवून या. अक्का चोवीस वेळा बोलवून गेल्या."

चोवीस हा आकडा तिनंही मोजलेला होता.

म्हणून गेलो. नांदेडहून गाडी, मग एसटी, मग रिक्षा. पुनवेच्या दिवशी सकाळी आठला खाडीच्या अलीकडच्या काठावर उभा होतो. समोर जुवं, मधे चिखल आणि थोडं पाणी. होडीवाला नवा होता, मला ओळखत नव्हता. मी म्हणालो, चला.

तो पलीकडं बघून म्हणाला, "थांबा जरा. अजून बसूमामाच्या घोट्याक पाणी आसा. गुडघ्याक लागला काय सोडतंय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुणाच्या?"

"बसूमामाच्या. तो काय, थंय उभो आसा." त्यानं बोट दाखवलं.

तुझ्या अंगणाच्या पुढं, चिखलात, एक खांब उभा होता. चिऱ्याचा, चुना लावलेला. त्यावर तांबड्या रंगाच्या आडव्या रेघा. होडीवाला सांगत होता, मी ऐकत होतो. शाळेच्या बाईंनी उभा केला. आधी तिथं त्यांच्या भावानं ठोकलेली लाकडी खुंटी होती. ती काढू नका म्हणाल्या. पोरं तिच्यावरून पाणी मोजायला शिकली. खुंटी कुजली तेव्हा बाईंनी बरोबर त्याच जागी हा खांब घातला. घोट्याला पाणी असलं तर होडी निघत नाही, गुडघ्याला लागलं की निघते, कमरेला आलं की मोठी होडीसुद्धा धक्क्याला लागते. माणसं गंजिफ्याचे पत्ते खेळायला बसली तरी मधूनच कुणीतरी विचारतं, बसूमामा कुठवर इलो? पुनवेला आणि अवसेला तो पुरता बुडतो. त्या दिवशी शाळेतली पोरं वर्गातून ओरडतात, "बसूमामा न्हालो!" आणि बाई त्यांना ओरडू देत.

"तुमी कोण?" त्यानं शेवटी विचारलं.

मी म्हणालो, "पाहुणा."

अक्का, मी खोटं सहसा बोलत नाही. पण तेव्हा दुसरा शब्द तोंडात आला नाही.

गुडघ्याला पाणी लागलं. होडी सुटली. मी जवळून पाहिलं. रेघांच्या बाजूला तुझं अक्षर, फळ्यावरचं असतं तसं गोल. घोटा, गुडघा, कंबर, छाती, मान. सर्वांत वर, टोकाला, "डोकं".

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला मी चिखलात उतरून तो खांब मोजला. ते लिहितोच, पण आधी पुनवेचं सांगतो.

सुलोचना वहिनी अंगणातच होती. म्हातारी झाली आहे, हंडा आता सून नेते. मला पाहून तिनं ओरडून सगळ्यांना सांगितलं, "बाईंचो भाव इलो गे!" मग जवळ आली आणि रडली. मीही. मग तिनंच डोळे पुसून विचारलं, "बाईंका थंय मातीत ठेवलात? पाणी लागणा नाय ना?"

मी म्हणालो, नाही. काळी माती आहे, उंचावर आहे. पाणी लागत नाही. तिला बरं वाटलं. बेटावरच्या माणसाचा मेलेल्या माणसासाठी हा पहिला प्रश्न असतो, हे माझ्या लक्षात आलं.

मग मी तुझं अंगण पाहिलं. वाट तिथंच होती. नाही, तिथं नव्हती. माझ्या नकाशात ती डाव्या माडाला लागून होती, आता चार फूट आत. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, माडाकडं पावसात निसरडं होतं, सून एकदा पडली. बाईंनी आपली न्हाणीची भिंत पाडून मागं घेतली आणि वाट आत आणली. पायरी घातली. अबोलीची रांग दोनदा उपटून दुसरीकडं लावली. म्हणजे मी गडग्याचा हट्ट धरून फोनवर गप्प होतो तेव्हा तू स्वतःचं घर मागं सरकवत होतीस. एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी पुन्हा पाच पानं लिहिली असती, हे तुला माहीत होतं.

मी ओसरीवर बसलो. तुझ्या खुर्चीत नव्हे, खालीच. पाणी चढताना बघत होतो. कंबर. छाती. मान. शाळेतून आवाज येत नव्हता. नवीन बाई अजून रुळायची आहे, पोरं थोडी बुजली असावीत. बाराला पाच मिनिटं कमी असताना डोकं दिसेनासं झालं. आणि वर्गातून एकदम, सगळ्यांचा मिळून, "बसूमामा न्हालो!" मग हसणं.

तेव्हा मी पिशवीतून टेप काढला. पहिल्यांदा आलो तेव्हा काढायला हवा होता त्या वेळेला.

मागचा गडगा, दोन्ही माड, आणि पुढं पाणी. एक टोक वहिनीच्या सुनेनं धरलं. दोन गुंठे आणि पंचेचाळीस चौरस मीटर भरले. म्हणजे अडीचला जेमतेम साडेपाच चौरस मीटर कमी, आणि तेवढं बारा वर्षांत लाटांनी खाल्लं असेल. म्हाताऱ्याचा कागद बरोबर होता.

मग वाट मोजली. सर्वांत अरुंद जागी चार फूट तीन इंच. मी वहिनीच्या सुनेला रिकामा हंडा घेऊन जायला सांगितलं आणि समोरून शेजारणीला भरला घेऊन यायला. दोघी न थांबता, न तिरप्या होता, एकमेकींजवळून गेल्या. मधे एक वीत उरली. तू हे टेपनं काढलं नसशील. अंगणात उभी राहून बायका जाता-येताना बघितल्या असशील आणि पुरेशी झाली तेव्हा थांबली असशील. माझ्या खात्यात या पद्धतीला नाव नाही.

खरेदीदाराला मी तिथूनच फोन लावला. नाही म्हणालो. त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, "जागा आमची आहे, वाट आमची नाही." तो म्हणाला, असं कसं. मी म्हणालो, मलाही समजायला बारा वर्षं लागली, तुम्हाला एका फोनवर कसं समजावू?

घर नवीन बाईंना राहायला दिलं. त्याही लातूरकडच्याच आहेत, औशाच्या, आणि बदलीचा अर्ज भरून बसल्या आहेत. तुझा तवा त्यांना दिला आणि पुढच्या महिन्यात ज्वारीचं पीठ पाठवतो म्हणालो.

वाट मात्र मी लिहून दिली. तालुक्याला जाऊन, मुद्रांकाच्या कागदावर, कच्च्या नकाशासकट. माझ्या वारसांपैकी कुणीही ही वाट बंद करायची नाही, रुंदी चार फूट तीन इंच, न्हाणीच्या भिंतीपासून अबोलीच्या रांगेपर्यंत. कागद सुलोचना वहिनीला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"कागद कशाक, भाऊ? पाय आसत मां आमचे."

मी म्हणालो, राहू द्या वहिनी. मला बरं वाटतं. तू असतीस तर हसली असतीस. हस.

आता तो खांब. चिखलात गुडघाभर रुतून मोजला, दोनदा, बारा वर्षांपूर्वीसारखाच. चिखलापासून टोकापर्यंत पाच फूट साडेसहा इंच. बिनचपलांचं.

माझा सदरा मिळाला, अक्का. तेवढंच सांगायचं होतं. आणि तुझं बरोबर होतं, हेही. हे मी तुला तोंडावर म्हणालो असतो तर तू "बस, लई झालं" म्हणून विषय बदलला असतास, हे माहीत असूनही म्हणायला हवं होतं.

निघालो त्या सकाळी धक्क्यावर सात-आठ माणसं होडीची वाट बघत होती. होडीवाला पलीकडच्या काठावर, चहाच्या टपरीत, आमच्याकडं पाठ करून बसलेला. एक बाई अंधूक डोळ्यांनी खाडीकडं बघत म्हणाली, कुठवर इलो, कुणाक दिसता काय?

मी पुढं झालो. नीट पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, आयुष्यात कधी शेतातही ओरडलो नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडलो,

"बसूमामा कमरेपर्यंत! आण होडी!"